बास्केट गेली की खापर शेवटच्या माणसावरच का फुटतं?

बेसलाइन

बास्केटबॉलमधल्या डिफेन्सवर, म्हणजे बचावावर, बोलताना आपण फार घाई करतो. बॉल जाळीत पडला त्या क्षणी जवळ कोण होतं ते बघायचं आणि त्याच्या नावानं बोटं मोडायची. याचा सगळ्यात जास्त अन्याय, माझ्या मते, एनबीए या अमेरिकन लीगच्या २०२१ च्या प्लेऑफमधल्या (बाद फेरीतल्या) यूटा जॅझ विरुद्ध लॉस एंजेलिस क्लिपर्स या मालिकेच्या सहाव्या सामन्यात जॅझचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ उभा राहणारा उंच खेळाडू, रूडी गोबेर याच्यावर झाला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॅझनं त्या सीझनमध्ये ५२ सामने जिंकले होते, लीगमध्ये सर्वाधिक. गोबेरला 'डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर' तिसऱ्यांदा मिळालं होतं. समोर क्लिपर्सचा कवाय लेनर्ड गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर. हाफटाइमला जॅझ ७२-५० ने पुढे, तिसऱ्या क्वार्टरमध्ये आघाडी २५ पर्यंत गेली. तिथून ते १३१-११९ असे हरले आणि मालिकाही गेली. क्लिपर्सच्या, फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या टेरन्स मॅननं ३९ पॉइंट काढले, त्यात ७ थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट). मॅनला गार्ड करायचं काम गोबेरकडे होतं. मग काय, "गोबेर प्लेऑफमध्ये चालत नाही" हे पालुपद सुरू झालं ते आजतागायत.

त्या सामन्यातली कुठलीही एक पोझेशन (बॉल एका टीमकडे असतो तेवढा वेळ) सावकाश बघा. क्लिपर्सनं आपल्या मोठ्या सेंटरला बाकावर बसवलं आहे, पाचही जण बाहेरून शूट करू शकतात. मॅन कॉर्नरला, म्हणजे कोर्टच्या कोपऱ्यात, उभा. वरती रेगी जॅक्सन किंवा पॉल जॉर्ज बॉल घेऊन आपल्या डिफेंडरला एका ड्रिबलमध्ये मागे टाकतो. त्या डिफेंडरला अडवायला कुणी स्क्रीनसुद्धा (वाटेत उभं राहून केलेला अडथळा) लावलेली नसते, सरळ एकास एक. आता तो मोकळा बास्केटकडे येतोय. गोबेर कॉर्नर सोडून पुढे सरकला नाही तर लेअप (बास्केटजवळून सोपा शॉट). सरकला तर पास कॉर्नरला. एनबीएमध्ये कॉर्नरचा थ्री २२ फुटांचा, म्हणजे वरच्या कमानीपेक्षा पावणेदोन फुटांनी जवळ. बॉल हवेतून तिथे पोचतो त्या वेळात सात फुटी माणूस रिमपासून, म्हणजे बास्केटच्या रिंगपासून, कॉर्नरपर्यंत पोचूच शकत नाही. त्यानं हात वर करून धाव घेतली आणि तोवर शॉट सुटलेला असला, की कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त गोबेर दिसतो. ज्याच्या बगलेतून जॅक्सन निसटला तो चौकटीच्या बाहेर.

साखळी पहिल्यांदा कुठे तुटली ते विचारायला हवं. आणि गोबेर हेल्पला (दुसऱ्याच्या हातून सुटलेल्याला अडवायला) गेल्यावर त्याच्या मागे मॅनकडे कुणी सरकायचं होतं, तो सरकला का, हेही विचारायला हवं. या दोन प्रश्नांची उत्तरं न शोधता केलेली टीका मला टीका वाटतच नाही.

हाफकोर्ट

असहमत. "डिफेन्स पाच जणांचा असतो" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण त्याचा उपयोग बहुतेक वेळा कुणीच जबाबदार नाही असं म्हणण्यासाठी होतो.

पुरस्कार कुणाला मिळाला? एकट्या गोबेरला. डिसेंबर २०२० मध्ये ५ वर्षांचा २०.५ कोटी डॉलरचा करार कुणी केला? एकट्या गोबेरनं. जॅझचा डिफेन्स चांगला चालला की त्याचं श्रेय "रिमवर गोबेर आहे म्हणून" आणि तो कोसळला की "बाहेरचे लोक ब्लो-बाय होत होते (समोरचे त्यांना मागे टाकून जात होते) म्हणून"? श्रेय एकट्याचं आणि अपश्रेय वाटून, हे मला मान्य नाही.

आणि समोर सेंटर नाही म्हटल्यावर गोबेरनं दुसऱ्या टोकाला किंमत वसूल करायला हवी होती. त्याच्यावर कमी उंचीचे लोक होते. पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, बॉल घेऊन पॉइंट काढता आले असते तर क्लिपर्सना मोठा माणूस परत आणावाच लागला असता. ते त्याला जमलं नाही. ही त्याच्या खेळातली खरी उणीव आहे आणि तिच्याबद्दल बोलणं पूर्ण न्याय्य आहे.

अजून एक. २०२४ मध्ये मिनेसोटानं डेन्व्हरला त्यांच्याच कोर्टवर दुसऱ्या सामन्यात १०६-८० असं हरवलं. तोवर मिनेसोटात गेलेला गोबेर त्या सामन्यात नव्हता, बाळाच्या जन्मासाठी घरी गेला होता. आदल्या वर्षीच्या चॅम्पियनला ८० वर रोखलं, त्याच्याशिवाय.

बेसलाइन

हाफकोर्ट, बास्केटजवळच्या खेळाच्या मुद्द्याशी सहमत. ती उणीव आहे आणि ती २०२१ च्या आधीपासून होती.

पण डेन्व्हरचं उदाहरण तुम्ही माझ्या बाजूनं दिलंत असं मी म्हणेन. त्या रात्री मिनेसोटाच्या जेडन मॅकडॅनियल्स, अँथनी एडवर्ड्स आणि निकील अलेक्झांडर-वॉकर यांनी डेन्व्हरच्या जमाल मरेला हाफकोर्ट ओलांडतानाच जखडून टाकलं होतं. बॉल रिमपर्यंत सुखासुखी पोचतच नव्हता. पहिली कडी भक्कम असली की शेवटच्या माणसावर भार येत नाही, तो गोबेर असो वा मिनेसोटाचा दुसरा मोठा खेळाडू नाझ रीड. हेच तीन डिफेंडर आपल्या टीममध्ये पुढे असताना गोबेरनं त्या सीझनमध्ये लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्सचा कणा म्हणून चौथा पुरस्कार घेतला. माणूस तोच, वय तीन वर्षांनी जास्त. बदलले ते त्याच्या पुढचे चार.

शिट्टी

तुम्ही दोघं खेळाडूवर भांडताय आणि जॅझचा कोच क्विन स्नायडर अलगद निसटतोय.

क्लिपर्सच्या कोच टायरन लूनं छोटी टीम उतरवली, त्यात गुप्त काहीच नव्हतं. ह्यूस्टननं २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी जॅझला ४-१ नं घरी पाठवलं होतं. तेव्हाही गोबेरला रिमपासून ओढून बाहेर काढायचं हीच युक्ती होती. म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली होती. तरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये आघाडी वितळत असताना जॅझ त्याच मांडणीत खेळत राहिले. कोच पगार कशाचा घेतो? सीझनच्या ७२ सामन्यांत चालणारी गोष्ट एका रात्री चालत नाही हे ओळखून बदलण्याचा.

कोच माईक बुडेनहोल्झर बघा. मिलवॉकीत २०१९ ला टोरांटोकडून २-० वरून हरला, २०२० ला मायमीकडून ४-१. दोन्ही वेळा ड्रॉप कव्हरेज सोडायला तयार नव्हता, म्हणजे मोठा माणूस खाली रिमजवळ थांबणार आणि स्क्रीनवरून येणाऱ्याला मधल्या अंतराचा शॉट देणार. लोकांनी झोडपलं. २०२१ मध्ये त्यानं स्विच करायला, म्हणजे डिफेंडरनी आपसात माणूस बदलायला, सुरुवात केली आणि चॅम्पियन झाला. टीका रास्त होती आणि तिच्यातला मुद्दा त्याच्या टीमनंच कोर्टवर सिद्ध केला.

बेसलाइन

शिट्टी, बुडेनहोल्झरच्या गोष्टीतला एक तुकडा राहिला. मार्च २०२१ मध्ये मिलवॉकीनं पी. जे. टकरला आणलं. गार्डपासून पॉवर फॉरवर्डपर्यंत कुणासमोरही उभा राहील असा माणूस मिळाल्यावर स्विच करणं परवडतं. स्नायडरकडे असा कोण होता? माईक कॉनली हॅमस्ट्रिंगच्या दुखण्यातून त्याच सामन्यात परतला होता, डोनोव्हन मिचेल दुखऱ्या घोट्यावर खेळत होता. (आणि तशा पायावर त्यानंही ३९ काढले, ते कुणी आठवत नाही.) गोबेरला बसवून छोटी टीम उतरवायची म्हटली तरी बाकावर तसा खमक्या डिफेंडर नव्हता. ही उणीव टीम बांधणाऱ्यांची. कोचवर टीका करताना त्याच्या हातात काय होतं हे आधी मोजायला हवं.

तरी एक मान्य. सलग चार-पाच पोझेशन झोन (माणसाऐवजी कोर्टचा भाग सांभाळायचा डिफेन्स) लावून बघायला हरकत नव्हती. मायमीचा एरिक स्पोलस्ट्रा २०२० मध्ये झोन लावून थेट फायनलपर्यंत गेला होता. काही नाही तर समोरच्याची लय तरी तुटते.

जुना प्रेक्षक

मला या सगळ्या चर्चेतली खात्री पटत नाही. हडलमध्ये, म्हणजे कोचभोवतीच्या घोळक्यात, काय ठरलं होतं ते आपल्यापैकी कुणालाही ठाऊक नाही. "हेल्पला जाऊ नकोस, कॉर्नर सोडू नकोस" असं सांगितलेलं असताना गोबेर गेला असेल तर चूक त्याची. "रिम आधी, कॉर्नर नंतर" असं सांगितलं असेल तर तो आज्ञाधारक आणि चूक कोचची. पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. मग आपण इतक्या ठामपणे साखळीची कडी कशी दाखवतो?

आकडेही फार मदत करत नाहीत. ब्लॉक (शॉट हातानं अडवणं) आणि स्टील (बॉल हिसकावणं) या दोन गोष्टी १९७३-७४ पासून अधिकृतपणे मोजल्या जाऊ लागल्या. बिल रसेल १३ सीझनमध्ये ११ वेळा चॅम्पियन झाला आणि त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. आज मोजतो तरी काय कळतं? स्टीलसाठी झेपावून चुकलेला माणूस मागच्या चौघांना उघडं पाडतो, त्याची नोंद कुठेच होत नाही.

कोचवरच्या टीकेत तर निकाल बघूनच शहाणपण सुचतं. २०१३, ईस्टची (लीगच्या पूर्व विभागाची) फायनल, पहिला सामना. इंडियाना मायमीविरुद्ध ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटनं पुढे, २.२ सेकंद शिल्लक. इंडियानाच्या कोच फ्रँक व्होगेलनं सात फुटांच्या रॉय हिबर्टला बाकावर ठेवलं. कारण मायमीचा ख्रिस बॉश बाहेर उभा राहिला असता तर हिबर्टला त्याच्यामागे जावं लागलं असतं, आणि सगळीकडे स्विचही करता आलं नसतं. मायमीचा लेब्रॉन जेम्स तेव्हा इंडियानात असलेल्या पॉल जॉर्जला चकवून आत घुसला, रिमवर कुणी नव्हतं, लेअप, १०३-१०२. व्होगेलची सालटी काढली गेली. पण हिबर्ट आत असता आणि बॉशनं मोकळा शॉट मारला असता, तर तेच लोक "हिबर्टला कशाला ठेवलं?" म्हणाले असते.

हाफकोर्ट

जुना प्रेक्षक, इथे मी बेसलाइन यांच्या बाजूला येतो. व्होगेलवरची टीका निकाल बघून केलेली नव्हती असं मी म्हणेन. इंडियानाचा अख्खा डिफेन्स हिबर्टच्या सरळ वर उडी मारण्यावर उभा होता. बाकीच्यांनी बेधडक अंगावर खेळायचं, कारण मागे तो आहे. जॉर्ज लेब्रॉनला इतका चिकटून खेळला तो त्याच सवयीनं. मागचा माणूस काढला तर पुढच्याला एक पाऊल मागे थांबायला सांगावं लागतं. हे बॉल आत येण्याआधीही म्हणता येत होतं. लेब्रॉनचा शॉट चुकला असता तरी निर्णय वाईटच ठरला असता.

आणि बॉशचा लांबचा शॉट की लेब्रॉनची मोकळी लेअप, यातलं काय द्यायचं हे ठरवायला हडलमध्ये बसायची गरज नाही.

जुना प्रेक्षक

शॉट चुकला असता तर हा विषय निघालाच नसता. तुमची कसोटी मला आवडली, पण तिच्यावर आपण स्वतः किती वेळा उतरतो?

शिट्टी

मग ही कसोटी कोच टॉम थिबडोच्या बाबतीत लावून बघू. बॉस्टनच्या २००८ च्या चॅम्पियन टीमचा डिफेन्स त्यानं असिस्टंट म्हणून बांधला, बॉल ज्या बाजूला असेल तिथे गर्दी करण्याची त्याची पद्धत मग लीगभर पसरली. न्यू यॉर्कला त्यानं २०२५ मध्ये २५ वर्षांनी ईस्टच्या फायनलला नेलं आणि जूनमध्ये त्यालाच काढलं. पहिल्या पाचांना तो दमेपर्यंत खेळवतो, ही तक्रार वर्षानुवर्षं होती. इंडियानाविरुद्ध पहिल्या सामन्यात शेवटच्या तीन मिनिटांच्या आत १४ ची आघाडी गेली आणि ओव्हरटाइममध्ये १३८-१३५ नं हरले. टीका त्याआधीपासूनची असल्यामुळे मी ती न्याय्य धरतो.

बेसलाइन

मिनिटांबद्दलची न्याय्य, डिफेन्सबद्दलची अर्धीच. न्यू यॉर्कचे जेलन ब्रन्सन आणि कार्ल-अँथनी टाउन्स हे दोघं एकाच वेळी कोर्टवर असले की प्रत्येक टीम त्या दोघांनाच पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून मग बास्केटकडे धावण्याच्या चालीत) खेचते. टाउन्स खाली थांबला तर ब्रन्सन स्क्रीनमध्ये अडकतो आणि शूटर मोकळा. टाउन्स वर आला तर त्याच्या मागून रोल. स्विच केलं तर ब्रन्सन एखाद्या सेंटरखाली दबतो. तीनही दारं उघडी. थिबडोनं तिसऱ्या सामन्यापासून जॉश हार्टला सुरुवातीच्या पाचांतून काढून मिचेल रॉबिन्सनला आणलं, म्हणजे दुरुस्ती केली. उशिरा केली, हे बोला. "त्याला डिफेन्स कळत नाही" असं म्हणू नका. असं म्हणणारे बरेच भेटले.

आणि जुना प्रेक्षक, हडल आपल्याला ऐकू येत नाही, कबूल. पण एकच गोष्ट सलग सहा-सात पोझेशन घडली आणि तरी तोच खेळाडू तिथेच राहिला, तर तो सांगितलेलंच करतोय एवढं बाहेरूनही कळतं. गोबेर तिसऱ्या क्वार्टरमध्ये प्रत्येक वेळी रिमकडेच सरकत होता. आज्ञा मोडणाऱ्याला कोच इतका वेळ खेळवत नाही.

टीकेचा सूर हाही मुद्दा आहे. मॅनचे थ्री बघून गोबेरच्या खेळावर लिहा, हवं तेवढं कडक लिहा. त्याच्या घरच्यांना शिव्या घालणारे मेसेज पाठवणं याला टीका म्हणत नाहीत, आणि तिथे मी कुणाशी वाद घालणार नाही.

हाफकोर्ट

शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

बाकी माझं मत कायम आहे. वर जॅक्सनला सोडणारा पहिला दोषी, हे धरलं. मागून न सरकणारा दुसरा. तरी अडीच कोटीहून जास्त डॉलर एका सीझनसाठी घेणाऱ्या सेंटरनं, समोर कुणी सेंटर नसताना, निदान आक्रमक रिबाउंडवर (आपल्या टीमचा चुकलेला शॉट परत मिळवण्यात) तरी त्यांना रडवायला हवं होतं. तेवढं झालं असतं तर लूला चौथ्या क्वार्टरमध्ये मोठा माणूस आणण्याचा विचार करावा लागला असता. ही साखळी डिफेन्सच्या आधी, दुसऱ्या बास्केटखाली सुरू होते आणि तिथली पहिली कडी गोबेरच आहे.

बेसलाइन

हा युक्तिवाद मला पटण्यासारखा वाटतो, आणि गंमत म्हणजे त्या आठवड्यात तो करणारे फार थोडे होते. सगळे मॅनच्या कॉर्नरवरच अडकले होते. दुसऱ्या हाफमधले जॅझचे आक्रमण पुन्हा बघते आणि गोबेरला आत पास किती वेळा दिला गेला ते इथेच लिहिते. पासच गेला नसेल तर मात्र तुमची कडी मी गार्डच्या हातात देणार.