मदत हवी आहे: अकरावीच्या मुलांत झोप आधी जाते की चिंता आधी येते, हे तपासायचं कसं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे, सोबत एम.ए. मानसशास्त्राचं शेवटचं वर्ष चालू आहे. लघुप्रबंधाचा विषय रोज डोळ्यांसमोर आहे, पण तो पकडायचा कुठून ते कळेना.

दर उन्हाळ्यात परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडची पोरं नीटसाठी इथे येऊन हॉस्टेलात राहतात. दिवाळीच्या आसपास त्यातली बरीच माझ्याकडे यायला लागतात. चिंता वाटते असं कुणीच सांगत नाही. पोट दुखतं, डोकं जड होतं, मेसचं जेवण बाधतं आणि रविवारच्या टेस्टच्या आदल्या रात्री हमखास उलटी. टेस्टचे मार्क संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात. एका मुलाने फिजिक्सच्या वहीच्या समासात रोज किती वाजता झोपला ते लिहून ठेवलं होतं: अकरा, साडेबारा, दोन, तीन. अभ्यास कसा वाढत गेला हे दाखवायला तो ती वही घेऊन आला होता!

माझा प्रश्न असा. झोप गेल्यामुळे चिंता जडते, चिंतेमुळे झोप उडते, की काही मुलं दोन्ही घरूनच घेऊन येतात? आमचे गाइड सर म्हणतात, एकदा प्रश्नावली भरून घ्या, कोरिलेशन (दोन गोष्टी सोबत वाढतात-घटतात का ते) काढा आणि मोकळ्या व्हा. पण त्यातून आधी काय आणि मग काय ते कळणार कसं? बारावी झालेल्या मुलांना मागचं आठवून विचारलं तर चालेल का? उत्तरं मुलांची धरायची की आईवडिलांची?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) पाहिलं. १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक विकार, असा त्यात आकडा आहे. पण ज्या १२ राज्यांत ते झालं त्यात महाराष्ट्र नाही, आणि विकार कसा सुरू होतो हे एका वेळच्या सर्वेक्षणातून तसंही दिसत नाही. कुणी असं काम केलं असेल तर सांगा, प्लीज.

कोरडवाहू

ताई, सरांचं ऐकलंत तर डिग्री मिळेल, उत्तर मिळणार नाही. क्रम शोधायचा तर त्याच मुलांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

आठवून सांगायला लावू नका. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अजून पाठपुरावा चालू आहे. त्यांना दर काही वर्षांनी विचारून नैराश्य-चिंतेचं जे प्रमाण मिळालं, ते मोठ्यांना एकदाच "आयुष्यात कधी झालं होतं का" असं विचारून केलेल्या सर्वेक्षणांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. माणसं विसरतात, आणि बरी झालेली तर आधी विसरतात.

तुमच्याकडे वर्ष आहे ना? मग तीन फेऱ्या घ्या. पहिली प्रवेशाच्या आठवड्यात, क्लास तापायच्या आधी. ही चुकली तर बाकीच्या दोन्ही वाया. दुसरी दिवाळीच्या सुट्टीआधी, तिसरी फेब्रुवारीत. टेस्टच्या आदल्या दिवशी कधीच नको. मग पहिल्या फेरीतल्या झोपेवरून दुसऱ्या फेरीतली चिंता किती सांगता येते ते बघा आणि उलटंही बघा. एक मेख आहे. तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा भरताना गुण बहुधा जरा खाली येतात, काही झालेलं नसलं तरी. त्याला सुधारणा समजू नका.

खरी डोकेदुखी गळतीची. ज्याला सगळ्यात जास्त त्रास, तोच सप्टेंबरात पेटी उचलून गावी जातो आणि तुमच्या यादीत उरतात टिकलेले. म्हणून पहिल्याच दिवशी आईचा नंबर घ्या, एखाद्या मामा-काकाचाही घ्या आणि गेलेल्यांना फोन करून माहिती भरून घ्या. डनेडिनवाले परदेशी गेलेल्यांना विमानाचं तिकीट काढून बोलावतात, तेव्हा कुठे ४५व्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक हजर होते. आपल्याला निदान एस.टी.चं भाडं जमावं.

गवतीचहा

माझी मुलगी अशाच एका हॉस्टेलात दोन वर्षं होती, म्हणून लिहिते. मला विचारलं असतंत तर "मजेत आहे" असंच मी लिहिलं असतं. फोनवर ती तेवढंच सांगायची. तेव्हा आईवडिलांच्या भरवशावर राहू नका.

कोरडवाहू

गवतीचहा ताई, हे पन्नास वर्षांपूर्वीच दिसलंय. बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर १९६४-६५ मध्ये दहा-अकरा वर्षांची मुलं तपासली आणि तीच मुलं चौदा-पंधराची झाल्यावर पुन्हा गाठली. मुलं स्वतः बोलली तेव्हा आतली घालमेल बरीच निघाली, आणि त्यातली पुष्कळशी घरच्यांना, शिक्षकांना पत्ताच नसलेली. मारामारी, उलट बोलणं मोठ्यांना दिसतं. मन लागत नाही हे ज्याचं त्यालाच ठाऊक. दोघांनाही विचारा, पण सरासरी काढू नका.

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या तिसऱ्या शक्यतेलाही तिथेच धागा सापडतो. ज्यांचा त्रास लहानपणापासूनचा होता त्यांच्यात वाचनाच्या अडचणी आणि घरातले ताण जास्त होते. पौगंडावस्थेत नव्याने सुरू झालेल्यांत तसं चित्र नव्हतं. वरून सारखी दिसणारी ही दोन वेगळी पोरं असू शकतात. पहिल्या फेरीत पाचवी ते दहावीबद्दल आईला चार साधे प्रश्न विचारा: शाळेला जायला रडायचा का, वाचायला अडायचं का, असे. हेही आठवूनच सांगणं, तेव्हा त्यावर फार भार टाकू नका.

पाटीपेन्सिल

दोघांचेही आभार. तीन फेऱ्यांचं गाइड सरांच्या गळी उतरवते. एक भीती मात्र आहे. प्रश्नावलीत कुणी जीव द्यावासा वाटतो असं लिहिलं तर? आणि क्लासवाले परवानगीच्या बदल्यात निकाल मागताहेत.

कोरडवाहू

तो प्रश्न ठेवणार असाल तर कागद त्याच दिवशी, मुलं वर्गात असतानाच वाचायचे. घरी नेऊन रविवारी नाही. तसं लिहिलेल्या मुलाशी तुम्ही स्वतः त्याच दिवशी बोला, घरी कळवा, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. कुणाकडे पाठवायचं ते काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक मुलाच्या हातात द्या, लिहो न लिहो. हे सगळं मुलांना आधीच सांगा, गुप्ततेची हद्द कुठे संपते ते कळू द्या.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती हवी आणि अकरावीच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही. क्लासला वर्षअखेर एकत्रित आकडे द्या. एकेकाचं नाव, गुण काहीही नाही, आणि हे परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या. नाही म्हणाले तर दुसरा क्लास बघा. लातुरात क्लासला तोटा आहे का?

संमतीपत्रकाचा कच्चा मसुदा झाला की इथेच टाका, बघून देतो.