रानातल्या माहितीची वही करतेय, पण ती कुणाच्या मालकीची?

किनवटची_सून
नमस्कार मंडळी. आमचं गाव किनवटच्या जंगलाला लागून. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी मिळून वस्ती. बचत गटाचा हिशेब माझ्याकडं, म्हणून वही कायम हाताशी. सासूबाई आणि त्यांच्या वयाच्या बाया रानातलं जे सांगतात ते उतरवून घेतेय. तरोटा कोवळा कधीपर्यंत, कर्टुल्याचे वेल कुठल्या नाल्याला, बिब्बा कधी पडतो. भाजीपाल्याचं कुणी लपवत नाही. अडतं ते औषधी मुळ्यांवर. एक आजी म्हणल्या, "लिव्ह बाई, पण त्यो कागद कुठं जातंय ते आधी सांग." मागं शहरातून कुणी येऊन फोटो-नमुने घेऊन गेलं, पुढं काहीच कळलं नाही. आता आजीला काय सांगू? आणि गटाला गोडंबी (बिब्ब्याच्या आतला गर), मोहफुलं विकायचीत, त्यासाठी वहीत काय लिहावं?

हिंगोलीचा_मास्तर
ताई, 2002 च्या जैविक विविधता कायद्यानं गावागावांत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-जिवांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही, असायला हवी. तुमच्या गावची मागून बघा. मी पाहिलेल्या काही नोंदवह्यांत नुसती झाडांची यादी, शेजारच्या गावातही तीच! आजीला सांगा, 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क मानलाय. गौण वनोपज (मोहफुलं, बिब्बा असं) गोळा करून विकायचा हक्कही त्याच कलमात. या कायद्याखाली गावाचा सामूहिक दावा मंजूर आहे का तुमचा? वही ग्रामसभेच्या ठरावानं करा, बाहेर द्यायची तर तिथंच विचारून.

बालाघाटातला
मास्तरांशी सहमत, पण औषधाचं प्रमाण, कशात उगाळायचं, हे त्या नोंदवहीत नकोच. लिहायचंच तर वेगळ्या वहीत, आणि ती ज्याच्या घरची त्याच्याच घरात. त्यापेक्षा रानात काय ठेवायचं ते लिहा. कर्टुल्याचे नर-मादी वेल वेगळे. नराला फळ नाही म्हणून लोक उपटतात, मग मादीला फळं धरणार कशी? कंद जमिनीत राहिला तरच पुढच्या पावसात वेल फुटतो. मोहाखाली पाला पेटवतात, त्यात रोपंही जातात. आमच्या बीडच्या सीताफळाला 2016 ला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचाच माल असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं. चांगलं झालं, पण काटा गटाचा नसेल तर शिक्क्यानं भाव येत नाही, हे माझं मत.

उमरीची_लेक
गोडंबीवर मी बोलते, माहेरी फोडलीय. बिब्ब्याचं तेल अंगावर उडालं की कातडी उतते, हातांना साधं तेल चोपडून बसलं तरी बोटं काळी होतात. आणि व्यापारी भाव करतो नुसत्या गोडंबीचा! म्हणून तुमच्या वहीत हे पाहिजे: किती किलो बिब्ब्यातून किती गोडंबी निघाली, फोडायला किती जणी किती वेळ बसल्या, कोणाचे हात उतले, दवाखान्याला काय लागलं. मग भाव सांगताना तोंड उघडतं. फोडून उरलेली टरफलंही फेकू नका, त्यातल्या तेलाला गिऱ्हाईक असतं. लेकरांना मात्र जवळ बसवू नका.

किनवटची_सून
दावा मंजूर आहे मास्तर, कागद सरपंचांकडं. मुळ्यांची पानं वहीतून काढून त्या-त्या आजींना देऊन टाकते. नर वेलाचं सासूबाईंना विचारलं, तर म्हणल्या, "तुला आत्ता कळालं व्हय?" बिब्ब्याचा वेळ लिहायला आमच्या गटातली दहावी झालेली पोरगी बसवते. ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना कुणाकडं असेल तर टाका.