कूलंटमध्ये ॲडिटिव्ह टाकून इंजिन खरंच थंड राहतं का?

घाटकरी:
जाणकारांनी मार्गदर्शन करावं. गाडी जुनी डिझेल हॅचबॅक. एरवी तापमानाचा काटा निम्म्यावर असतो, पण उन्हाळ्यात एसी लावून कसारा घाटात ट्रकमागे रखडलं की पाऊणपर्यंत चढतो. हायवेला वेग घेतला की उतरतो. स्पेअरपार्टवाला म्हणतो, ही बाटली ओता, तापमान धाडकन खाली. पैसे घालवू का?

पाना_दहानंबरी:
नका घालवू. इंजिन किमान किती गरम ठेवायचं ते थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, ठरवतो. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. पाण्याचं तापमान त्याखाली गेलं की तो परत बंद होणार, मग बाटली कितीही भारी असो.
बाटलीत पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं रसायन असतं. इंजिनच्या वरच्या भागात, हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ पाणी धातूला लागून उकळतं आणि वाफेचे बुडबुडे तिथेच चिकटतात. ते लवकर सुटावेत, ही कल्पना. थाप नाही. पण फायदा दिसतो तो मुख्यतः नुसत्या पाण्यात. ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) सांडून ट्रॅक निसरडा होतो म्हणून बऱ्याच शर्यतींत ते चालत नाही, तिथले लोक पाणी भरतात आणि हे टाकतात. आपल्या ५०:५० (निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल) कूलंटमध्ये फरक भिंग घेऊन शोधावा लागेल.
तुमचा त्रास वेगळा वाटतो. हळू चालताना तापते आणि वेगात उतरते, म्हणजे हवा कमी पडतेय. उलटं असतं तर रेडिएटर चोंदलाय म्हटलं असतं. एसी लावल्यावर फॅन फिरतो का?

चहा_कमी_साखर:
पाणी जास्त उष्णता वाहून नेतं ना? मग नुसतं पाणीच भरलं तर?

पाना_दहानंबरी:
नेतं, पण १०० ला उकळतं. ५०:५० मिश्रण साध्या दाबालाच १०७ च्या आसपास जातं, आणि रेडिएटरची दाब धरणारी कॅप १ बारची व धड असेल तर सव्वाशेच्या पुढे. शिवाय गंज. बोअरचं पाणी भरणाऱ्यांचे रेडिएटर उघडून बघा, आत क्षारांचा पांढरा थर. कॅपचं रबर कडक झालं असेल तर तीच आधी बदला. गरम असताना उघडू नका, हे सांगायला नकोच.

घाटकरी:
आत्ता बघितलं. एसी लावला तरी फॅन गप्प. काटा वर गेला की एकदम फुल स्पीडने सुटतो.

पाना_दहानंबरी:
बहुतेक फॅनला हळू फिरवणारा रेझिस्टर गेलाय, लो स्पीड मेलाय. ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा, पण आधी रिले आणि फ्यूज तपासायला सांगा. जाताजाता एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधला कचराही काढून घ्या. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, हलक्या दाबाने. वॉशिंग सेंटरचा फवारा लावलात तर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतील.