मदत हवी आहे: श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीला वर्गात छळतात, शाळा म्हणते मस्करी आहे

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगी ११ वर्षांची, सहावीत आहे. जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, तीन वर्षांची असल्यापासून मशीन लावते, कानामागचं, मोल्डवालं. बोलते छान, 'स' आणि 'श' मध्ये थोडी गडबड होते एवढंच. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट ५८ टक्क्यांचं आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पण आहे. चौथीपर्यंत आमच्या वस्तीवरच्या झेडपी शाळेत होती, सगळी मिळून १९ पोरं, हिच्याशी बोलायचं तर समोर येऊन बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलं पण नव्हतं, आपोआप करायची. पाचवीपासून तालुक्याच्या हायस्कूलला घातली. अनुदानित शाळा आहे, नाव लिहीत नाही. वर्गात ६४ मुलं.

प्रकार कसा कळला ते सांगते. तिच्या मशीनला ६७५ नंबरचे सेल लागतात, निळ्या स्टिकरचे, सहाचं पाकीट आम्हाला महिना-सव्वा महिना जातं. दिवाळीनंतर एका महिन्यात तीन पाकिटं संपली. मला वाटलं मशीनच गेलं, एक दिवस रजा टाकून मिरजेला घेऊन गेले, तिथल्या मॅडमनी तपासलं, मशीन एकदम ओके. मग रविवारी तिची कंपासपेटी साफ करायला घेतली तर आत पेन्सिलीच्या भुशात सेलच सेल, मोजले तर ११ निघाले, एकेक मशीनमध्ये घालून बघितला तर बहुतेक सगळे चालू!

रात्री जवळ घेऊन विचारलं तेव्हा बोलली. मधल्या सुट्टीत चार-पाच जण (त्यात दोन मुली पण) हिच्यासमोर येतात आणि नुसते ओठ हलवतात. आवाजच काढत नाहीत. हिला वाटतं सेल गेला, मग ही घाईघाईनं बॅग उघडते, नवीन सेल काढते, स्टिकर सोलते, घालते, तोपर्यंत ते हसत सुटलेले असतात आणि "आली का रेंज?" म्हणून खऱ्या आवाजात बोलायला लागतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे सेल हवेवर चालतात, स्टिकर एकदा काढलं की सेल सुरू झाला, परत चिकटवून काही उपयोग नसतो.

मी म्हटलं अगं एकदा कळलं की मुद्दाम करतायत, मग रोज कशाला बदलतेस? तर म्हणाली, "आई, एखाद्या दिवशी खरंच गेलेला असला तर?"

याच्यावर मला काही बोलताच आलं नाही.

बाकी नेहमीचं आहेच, टॉवर म्हणतात, मागून येऊन कानाशी टाळी वाजवतात. वर्गशिक्षिकांच्या कानावर घातलं तर म्हणाल्या मुलं आहेत, मस्करी करणारच, हिनं पण थोडं हसण्यावारी न्यायला शिकलं पाहिजे. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं तर हिला वर्गात उभं करून सगळ्यांना सांगितलं, हिला कमी ऐकू येतं, बिचारीला त्रास देऊ नका. झालं, आता 'बिचारी' असं नाव पडलंय. मुख्याध्यापक म्हणतात एवढं वाटत असेल तर कर्णबधिर शाळेत घाला, तिथं तिच्यासारखीच मुलं असतात. अहो पण ती गणितात वर्गात पहिल्या पाचात आहे, खुणांची भाषा तिला येत नाही, मैत्रिणी इथे आहेत, त्रास दुसऱ्यांनी द्यायचा आणि शाळा हिनं सोडायची हा कुठला न्याय?

यांचं म्हणणं जाऊ दे, गावातलीच पोरं आहेत, रोज तोंडं बघायची आहेत. त्यातला एक संस्थेच्या संचालकांचा मुलगा, म्हणून पण असेल. आणि मुलगी म्हणते तू शाळेत येऊच नकोस. आठ दिवस झाले मशीन दप्तरातच ठेवतेय, घरी आल्यावर लावते. लेखी तक्रार करू का? केली तर कुणाकडे, आणि त्याचा राग परत हिच्यावरच निघणार नाही असं काही करता येतं का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

खडूफळा:
ताई, मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेत विशेष शिक्षक आहे, तुमच्या जिल्ह्यात नाही. तोंडी सांगणं आता बंद करा. मुख्याध्यापकांच्या नावानं साधा अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का-सही घेऊन पोच स्वतःकडे. अर्जात पोरांना शिक्षा करा असं लिहू नका, काय काय घडलं ते तारखेनिशी लिहा आणि तुम्हाला काय पाहिजे ते लिहा, म्हणजे बसायची जागा, मधल्या सुट्टीत कुणाचं लक्ष असणार, फळ्याकडे तोंड करून शिकवू नये, गृहपाठ फळ्यावर लिहावा, वगैरे. आणि वर्गासमोर तिचा विषय काढायचा तर आधी तिला विचारावं हे तर आवर्जून लिहा.

शाळा बदला म्हणतात त्यांना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं भेदभाव न करता शिकवायचं आहे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या आहेत. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि कुठली शाळा ही पसंती मुलाची, मुख्याध्यापकांची नाही. पंचायत समितीत गट साधन केंद्र असतं, तिथं समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक भेटतील, त्यांना शाळेत बोलवून घ्या, ते आमचं कामच आहे. एवढं करून शाळा हललीच नाही तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक), आणि त्यावर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय. मुलगी फारच गप्प झाली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, चोवीस तास चालू असतो.

रोखठोक:
कशाला अर्जबिर्ज, त्याच कायद्यात कलम ९२ आहे, दिव्यांगाचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर ६ महिने ते ५ वर्षं. संचालकाचा मुलगा ना, एक नोटीस पाठवा, सुतासारखे सरळ येतील.

खडूफळा:
दादा, अकरा-बारा वर्षांची पोरं आहेत. पोरांना पोलिसांची भीती घातली की ती चिडवायची थांबतील, पण हिच्याशी बोलायची पण थांबतील. पोरीला अजून चार वर्षं त्याच बाकांवर बसायचंय.

कॅलिपर:
मला लहानपणी पोलिओ झालेला, आता पन्नाशीत आहे. त्या 'बिचारी' वरून आठवलं. आमच्या सरांनी गॅदरिंगला मला स्टेजवर बोलवून सगळ्यांसमोर गुलाबाचं फूल दिलं होतं, जिद्दीचं कौतुक म्हणून. मनानं फार चांगला माणूस. त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव 'गुलाब'. लंगड्या म्हणायचे ते मला तितकं लागायचं नाही कारण त्याला उलट शिवी देता यायची, गुलाबला काय देणार? तेव्हा शाळेत भाषणं वगैरे ठरवत असतील तर आधीच अडवा. माझं थांबलं कशामुळं सांगू, पीटीच्या नवीन सरांनी मला क्रिकेटचा स्कोअरर केलं. मॅचला मी लागायला लागलो. कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही काही.

हातवारे:
मी स्वतः कर्णबधिर, विशेष शाळेत शिकलो. ताई तुमचं बरोबर आहे पण कर्णबधिर शाळा म्हणजे शिक्षा असल्यासारखं वाचायला जरा टोचलं. आमच्या शाळेत माझ्यावर कधीच कुणी हसलं नाही, खुणांच्या भाषेत आम्ही तासन्तास गप्पा मारायचो. तिला खुणा शिकवा, शाळा तीच राहू दे. तिला तिच्यासारखी चार माणसं भेटली पाहिजेत, नाहीतर तिला वाटणार जगात मशीनवाली मी एकटीच. मुख्याध्यापकांनी सुचवलं ते हाकलायला, म्हणून चूक.

बाबा_दोन_मुलींचा:
माझ्या धाकटीला पण मशीन आहे. बाकी सगळे सांगतायत ते बरोबर, मी फक्त सेलचं सांगतो. मशीन डिजिटल असेल तर सेल उतरायच्या आधी बहुतेक मशीन कानात बीप देतात, मिरजेच्या मॅडमना विचारून तिला तो बीप एकदा ऐकवा. आणि बॅटरी टेस्टर मिळतो, किल्लीला अडकवण्याएवढा. सेल त्यात ठेवला की चांगला का गेलेला लगेच दिसतं. चांगला असेल तर नव्या सेलचं स्टिकर सोलायची गरजच नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. हातवारे दादा, सॉरी, तसं म्हणायचं नव्हतं पण लिहिलं तसंच गेलं. खुणांचे व्हिडिओ दोघी मिळून बघायला लागलोय, मला जमत नाही, ती हसते.

अर्ज दिला. शिपायानं पोच द्यायला पाऊण तास उभं केलं पण शिक्का घेऊनच आले. हे पण आले बरोबर, बाहेर गाडीवर बसून होते, आत नाही आले. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका परवा शाळेत जाऊन आल्या. आता हिला खिडकीकडच्या ओळीत दुसऱ्या बाकावर बसवलंय, भिंतीला पाठ करून थोडं तिरकं, म्हणजे बोलणारा मुलगा दिसतो. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे थांबलेत, इतिहासाच्या बाई थांबल्या नाहीत. त्या विशेष शिक्षिकांनी वर्गात नुसत्या ओठांवरून शब्द ओळखायचा खेळ घेऊया असं सुचवलं होतं, ही त्यात सगळ्यांना हरवेल म्हणून. मला आयडिया फार आवडली. मुलगी म्हणाली मी नाही खेळणार, ज्याच्यावरून ते हसतात त्याचाच खेळ कशाला करायचा. मग नाही घेतला. स्कोअररसारखं काहीतरी शोधतोय, अजून सापडलं नाही.

टेस्टर आला. मशीनचा बीप पण ऐकवून आणला, इतकी वर्षं तो वाजत होता आणि तिला वाटायचं कानात काहीतरी होतंय. सोमवारपासून मशीन लावून जातेय. काल तिघं परत समोर येऊन ओठ हलवायला लागले (संचालकांचा होताच). हिनं म्हणे सेल काढून टेस्टरमध्ये ठेवला, चांगला निघाला, परत घातला आणि डबा उघडून जेवायला बसली. ते थोडा वेळ तसेच ओठ हलवत उभे होते.

अर्जाला शाळेचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही, आज १२ दिवस झाले. खडूफळा सर, अजून किती थांबू, का सरळ माध्यमिकला अर्ज देऊन टाकू? आणि तिथं देताना पहिल्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स चालते का ओरिजिनल मागतात?