शब्दचर्चा : स्पॅनिशमधलं ‘ईर’ – ‘फुई’ म्हणजे गेलो की होतो?

प्रश्न : स्पॅनिश शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. ‘ईर’ म्हणजे जाणे, इथवर ठीक. पण वर्तमानकाळात ‘बोय’, भूतकाळात ‘फुई’, भविष्यकाळात ‘इरे’. यांचा एकमेकांशी काही संबंध? वर ‘सेर’ म्हणजे असणे, त्याचा भूतकाळही ‘फुई’च! मग वाक्यात ‘फुई’ दिसलं की गेलो समजायचं की होतो? तक्ता रात्री पाठ होतो, सकाळी पाटी कोरी. कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद : आधी एक उलटा प्रश्न. ‘मी जातो’ आणि ‘मी गेलो’ यांत तरी काय सारखं आहे? ‘जातो’तला ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूवरून आला, ‘गेलो’तला ‘गे’ ‘गम्’च्या ‘गत’वरून. दोन निराळे धातू एका क्रियापदात गुण्यागोविंदाने नांदतात आणि आपल्याला जन्मात कधी खटकत नाही. मराठी शिकणारा परका माणूस मात्र इथे डोकं धरून बसतो. ‘ईर’मध्ये दोनाऐवजी तीन धातू आहेत, इतकाच फरक.

तिन्ही लॅटिनमधले. एक ‘ईरे’, म्हणजे जाणे. संस्कृत ‘एति’मधला ‘इ’ याचाच भाऊबंद. दुसरा ‘वादेरे’, हाही चालण्या-जाण्याचाच. तिसरा ‘फुई’, जो लॅटिनमध्ये ‘असणे’चा भूतकाळ होता, आपल्या ‘भू’ धातूचा तो सख्खा नातलग. म्हणून सांगतो, काळांचे रकाने पाडून पाठ करू नका, मुळं धरून गठ्ठे बांधा.

‘वादेरे’च्या गठ्ठ्यात वर्तमानकाळ येतो : बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. (टेनिसपटू नदाल मैदानावर ओरडायचा ते समालोचकांच्या तोंडी ‘व्हामोस’ व्हायचं, पण स्पॅनिशमध्ये ‘ब’ आणि ‘व’ या अक्षरांचा उच्चार एकच. शब्दाच्या सुरुवातीला सरळ ‘ब’ म्हणा.) याच गठ्ठ्यात इच्छा, शंका, विनंतीची रूपं : बाया, बायास, बाया, बायामोस, बायाइस, बायान. हो, ‘बाया’. वर्गात हशा पिकतोच, आणि त्यामुळेच ते रूप कुणी विसरत नाही.

‘ईरे’च्या गठ्ठ्यात भविष्यकाळ : इरे, इरास, इरा, इरेमोस, इरेइस, इरान. शेवटचं रूप म्हणजे ‘ते जातील’, आणि इराण देशाचं स्पॅनिश नावही हुबेहूब तेच, फक्त पहिलं अक्षर मोठं. संकेतार्थ ‘इरिया’, धातुसाधितं ‘इदो’ आणि ‘येंदो’ हीसुद्धा इथलीच. ‘येंदो’ ऐकून येण्याचा भास होतो, अर्थ मात्र ‘जाताना, जात’. आणि अपूर्ण भूतकाळ : इबा, इबास, इबा, इबामोस, इबाइस, इबान. अपूर्ण भूतकाळात अनियमित असलेली क्रियापदं अख्ख्या स्पॅनिशमध्ये तीनच : सेर, ईर आणि बेर (पाहणे). तेव्हा तिथे फार घाबरू नका.

उरला ‘फु’चा गठ्ठा : फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. हीच सहा रूपं ‘ईर’ची आणि हीच ‘सेर’ची. जुन्या पुस्तकात ‘फुई’, ‘फुए’वर आघातचिन्ह दिसलं तर छापण्याची चूक समजू नका. स्पॅनिश अकादमीच्या 1959पासून लागू झालेल्या नियमांनी ते काढून टाकलं.

आता मूळ प्रश्न, गेलो की होतो. असण्याचं रूप जाण्याला कसं चिकटलं, याचं नवल वाटायला नको. ‘काल कुठे होतास रे?’ ‘नाशिकला होतो.’ या उत्तरात जाणं आलंच की! तिथे होतो म्हणजे तिथे गेलो होतो, या वाटेनेच ‘फुई’ एका घरातून दुसऱ्या घरात आलं.

वाचताना ओळखायचं पुढच्या शब्दावरून. ‘फुई आ माद्रिद’ : माद्रिदला गेलो. ‘फुई मेदिको’ : मी डॉक्टर होतो. ‘आ’ आलं की जाणं. नाम किंवा विशेषण थेट चिकटलं की असणं. माणूस एखाद्या ठिकाणी होता असं सांगायचं असेल तर स्पॅनिश ‘सेर’ वापरतच नाही, तिथे ‘एस्तार’ लागतं : ‘एस्तुबे एन माद्रिद’. म्हणजे माणूस आणि गाव एकत्र आले की गोंधळाला जागाच उरत नाही. राहता राहिले कार्यक्रम आणि सामने, त्यांना ठिकाणासाठीही ‘सेर’ चालतं : ‘एल पार्तिदो फुए एन माद्रिद’, सामना माद्रिदला झाला.

आणि नेमकी इथेच मराठी माणसाची फसगत होते. आपण ‘पुण्याला गेलो’ म्हणतो आणि ‘सामना पुण्याला झाला’ असंही म्हणतो. दोन्हीकडे ‘ला’च. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘आ’, दुसऱ्याला ‘एन’. रूपं तोंडपाठ असणारेसुद्धा ‘बोय एन माद्रिद’ म्हणून जातात ते या ‘ला’मुळे. ‘फुई’पेक्षा हा ‘ला’ जास्त छळतो, असं माझं मत.

प्रश्नकर्ता : गठ्ठ्यांची युक्ती झकास! पण ‘इबा’ आणि ‘फुई’ दोन्ही भूतकाळच ना? कधी कुठला वापरायचा?

प्रतिसाद : यात आपण नशीबवान आहोत. मराठीत ‘जायचो’, ‘जात होतो’ आणि ‘गेलो’ अशी तीन रूपं आहेत. पहिल्या दोन्हींना ‘इबा’, तिसऱ्याला ‘फुई’. ‘लहानपणी शाळेत चालत जायचो’ : इबा. ‘बाजारात जात होतो, तेवढ्यात पाऊस आला’ : पुन्हा इबा. ‘काल बाजारात गेलो’ : फुई. मनात मराठी वाक्य नीट म्हणा, उत्तर बहुतेक वेळा त्यातच मिळतं. ‘तुला फोन करणारच होतो’ हे आपलं रोजचं वाक्य तर आयतं बसतं : ‘इबा आ यामार्ते’. म्हणजे ‘ईर’, ‘आ’ आणि मूळ क्रियापद. वर्तमानात ‘बोय आ कोमेर’ म्हणजे जेवायला जातो असं नाही, ‘मी जेवणार आहे’. बोलण्यात भविष्यकाळासाठी हीच रचना जास्त चालते, ‘इरे’ वगैरे रूपं त्या मानाने कमी.

दुसरा एक प्रतिसाद : गोव्यातल्या ज्या घरांत पोर्तुगीज बोललं जायचं, तिथल्यांना हे कोडं पडणार नाही. पोर्तुगीजमध्येही ‘फुइ’, ‘फोइ’ ही रूपं जाणे आणि असणे या दोघांना सामाईक आहेत. फ्रेंचमध्येसुद्धा जाण्याच्या क्रियापदात तीन मुळं आहेत. मी जातो : ‘व्हे’, आम्ही जातो : ‘आलों’, मी जाईन : ‘इरे’. म्हणजे हा काही एकट्या स्पॅनिशचा आचरटपणा नाही.

आणखी एक : आज्ञार्थ राहिला. ‘तू जा’ला ‘बे’. पण ‘तू बघ’लाही ‘बे’च! अर्जेंटिनात तर ‘ईर’चं हे ‘तू’चं आज्ञार्थी रूप चालतच नाही, तिथे ‘तू जा’ म्हणायला चालणे या क्रियापदाचं ‘आन्दा’ उसनं घेतात. ‘तुम्ही सगळे निघा’ यावरून स्पेनमध्ये बरीच हमरीतुमरी झाली. व्याकरणाचं रूप ‘इदोस’, लोकांच्या तोंडी ‘इरोस’. शेवटी 2017 साली अकादमीने ‘इरोस’ला मान्यता दिली. अनेकांनी नाकं मुरडली, पण मला तरी त्यात गैर काही वाटत नाही. जे सगळेच बोलतात ते किती वर्षं चूक म्हणत बसायचं? लॅटिन अमेरिकेत हा तंटाच नाही, तिथे अनेकांना उद्देशून ‘बायांसे’ म्हटलं की झालं.

प्रश्नकर्ता : ‘बाया’ नक्की कुठे वापरायचं, तेवढं सांगा. आणि ‘फुएरा’ असंही एक रूप वाचलं.

प्रतिसाद : ‘बाया’साठी आपलं ‘जावं’ आठवा. ‘तू जावंस असं मला वाटतं’ : ‘किएरो के बायास’. इथवर मराठी साथ देते. पुढे हात सोडते. ‘मी माद्रिदला जाईन तेव्हा’ यात आपण सरळ भविष्यकाळ वापरतो म्हणून ‘क्वान्दो इरे’ तोंडात येतं. ते चूक. जाणं अजून व्हायचंय, म्हणून ‘क्वान्दो बाया आ माद्रिद’. आणि नुसतं ‘बाया!’ म्हणजे अरेच्चा, किंवा टोमणा मारायचा असेल तर ‘वा रे वा’.

‘फुएरा’ हे ‘फु’च्या गठ्ठ्यातलं ‘असतो तर’, ‘गेलो तर’ या अर्थाचं रूप, पुन्हा दोन्ही क्रियापदांचं. ‘सी फुएरा रिको’ : श्रीमंत असतो तर. त्यात भर म्हणजे ‘फुएरा’ हा बाहेर या अर्थाचा स्वतंत्र शब्दही आहे. कुणी दरडावून ‘फुएरा!’ म्हणालं तर व्याकरणाचा विचार करत उभे राहू नका, ‘चालता हो’ म्हणतोय तो.

एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते. दाराची घंटा वाजली की आपण आतून ओरडतो, ‘आलो, आलो!’ स्पॅनिश माणूस ओरडतो, ‘बोय!’ म्हणजे शब्दशः ‘जातो’. कारण त्यांच्या हिशेबी बोलणारा जिथे आहे तिथून निघणं म्हणजे जाणंच, ऐकणाऱ्याकडे असलं तरी. आपण ऐकणाऱ्याच्या बाजूने बघतो, वर भूतकाळ लावून आधीच पोचतो. निरोप घेताना उलट गंमत. आपल्याकडे ‘जातो’ म्हटलं की घरातलं मोठं माणूस लगेच टोकतं, ‘येतो म्हण.’ तिकडे बिनदिक्कत ‘मे बोय’, निघतो. त्या ‘मे’कडे लक्ष द्या. एरवी ‘बोय’ला पुढे कुठे ते सांगावं लागतं, ‘मे बोय’ला फक्त इथून निघायचं असतं.