मदत हवी आहे: बँकॉकच्या स्वस्त खानावळीत माळकरी आईला काय खायला घालू?

नमस्कार मंडळी. सध्या बँकॉकला प्रतुनाम भागात उतरलोय. मी, बायको आणि आई. आई माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही, कांदा-लसूण चातुर्मास सोडून चालतो. अजून पाच दिवस आहोत, त्यात शुक्रवारी एकादशी येतेय.

भारतीय हॉटेलं इथे पायलीला पन्नास. पण काल रात्री तिघांचे नऊशे बाथ गेले (बाथ अडीच-तीन रुपयांना धरा), आणि पनीर आपल्या हायवेवरच्या ढाब्यापेक्षा वाईट. म्हणून आज दुपारी गल्लीतल्या एका साध्या खानावळीत शिरलो. प्लास्टिकची स्टुलं, दारातच मोठी कढई, साठ बाथला एक प्लेट. 'व्हेज, नो एग, नो चिकन' असं तीनदा सांगून पॅड थाई मागवलं. वाढणारी बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणत होती. तो त्यांचा आदरार्थी शब्द आहे हे मला नंतर कळलं. आई मात्र खूश, "बघ, किती मायेनं खा खा म्हणते!"

आणि आईला आवडलंही हो! चिंच, गूळ, वरून दाण्याचा कूट. म्हणाली, आपल्या आमटीतच शेवया टाकल्यात की. अर्धी प्लेट संपली तेव्हा बायकोनं टेबलाखालून मला पाय मारला. ती रत्नागिरीची, तिला वासावरून कळलं. तिच्या प्लेटमध्ये काट्याच्या टोकाएवढे बारीक, केशरी, वाकडे तुकडे होते. जवळा! वाळवलेला जवळा. बायकोनं "मला भूक आहे" म्हणत आईची प्लेट स्वतःकडे ओढली. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

तर विचारायचंय ते असं:
दुकानदाराला नेमकं काय सांगायचं? 'व्हेज' म्हणजे त्यांना फक्त मांसाचे तुकडे नकोत एवढंच वाटतं बहुतेक.
एकादशीचं काय करू?
आणि आईला सांगू का?

प्रतिसाद १

'व्हेज' विसरा. 'किन जे' म्हणा. हा 'जे' नीट ऐकलात तर 'चे'च्या जवळ जातो. चिनी वंशाचे थाई लोक बौद्ध व्रतात पाळतात तो आहार. मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही, म्हणजे तुमची चातुर्मासाचीही सोय झाली. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात เจ लिहिलेलं दिसलं की बेलाशक आत शिरा. चायनाटाउनात, म्हणजे यावरातला, अशी दुकानं भरपूर. ताटात चिकनसारखे तुकडे दिसले तर घाबरू नका, सोयाबीन नाहीतर गव्हाचं असतं. आईंना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा टेबलाखालून पाय.

'मांगसविरत' असाही शब्द ऐकाल. शाकाहारीच, पण त्यात अंडं येतं.

साध्या दुकानात नाइलाजानं खायचंच झालं तर 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस घालू नका, 'माय साय कुंग हॅंग' म्हणजे वाळकी कोळंबी घालू नका. शेवटी तुम्ही 'ख्रप' म्हणा, बायकांनी 'खा'. पण एवढं करूनही कढई आणि झारा तोच राहतो, आणि करी म्हणाल तर तिच्या वाटणातच कोळंबीची पेस्ट असते, ती वेगळी काढताच येत नाही. त्यामुळे माळकऱ्यांना करी नकोच. पपईची कोशिंबीर, सोम तम, तीही नको. टेबलावरच्या चार बरण्यांपैकी मिरच्या तरंगणारं तपकिरी पाणी दिसतं ना, तो फिश सॉस.

प्रतिसाद २

एकादशीला केळी. हातगाडीवर कोळशावर भाजलेली मिळतात. शिवाय शहाळं. पण साबुदाण्याचे पारदर्शक गोल लाडू दिसले तर हुरळून जाऊ नका, आत डुकराचं मांस असतं! आम्ही फसता फसता वाचलो.

बाकीच्या दिवशी पाहुरात या भारतीय वस्तीतल्या गुरुद्वारात लंगर आहे. आणखी एक, पॅड क्रपाव नावाचा पदार्थ आईंना दाखवू नका. मांसावर जो पाला परततात ती आपली तुळसच आहे. गळ्यात माळ असलेल्या माणसाला ते बघवणार नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. तुळशीचं उशिरा वाचलं. आईनं काल शेजारच्या टेबलावर वासावरूनच ओळखली.

'जे'ची पताका हॉटेलापासून चौथ्या गल्लीत सापडली. भात आणि दोन भाज्या, पन्नास बाथ. मालकीणबाईंना मी 'किन जे ख्रप' म्हटल्यावर त्यांनी आईच्या माळेकडे बघून हात जोडले. मग आईनंही जोडले.

जवळ्याचं रात्री सांगून टाकलं. पाच मिनिटं काही बोलली नाही. मग विचारलं, "माझी उरलेली प्लेट सूनबाईनं खाल्ली का टाकली?" खाल्ली म्हटलं. "बरं झालं," म्हणाली आणि हरिपाठाला बसली.