‘चीन-जपान युद्ध’ की ‘छिंग-जपान युद्ध’?

प्रश्न : १८९४-९५ च्या युद्धाला मराठीत सरसकट ‘पहिले चीन-जपान युद्ध’ म्हणतात. जपानी नावात मात्र चीन नसून ‘छिंग’ (तेव्हा चीनवर राज्य करणारं घराणं) आहे म्हणे. मग आपला शब्द चूक का?

उत्तर : चूक नाही, पण ढोबळ आहे. जपानी नाव ‘निस्शिन सेन्सो’. ‘निचि’ म्हणजे जपान, ‘शिन’ म्हणजे छिंग. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ व्हावा तसं दोन्ही जुळून ‘निस्शिन’ झालं. ‘सेन्सो’ म्हणजे युद्ध. म्हणजे एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला मांचू राजघराणं. ज्यांच्या भूमीवर वर्चस्व कोणाचं यावरून हे सगळं पेटलं, ते कोरियन लोक नेमका उलटा क्रम लावतात : आधी छिंग, मग जपान.

चिनी नाव ‘ज्यावू युद्ध’. त्यात शत्रूही नाही आणि स्वतःही नाही, फक्त वर्ष आहे. साठ वर्षांच्या चक्रातलं ते एकतिसावं. आपल्याला हे परकं वाटायला नको, आपलीही संवत्सरं साठच. पानिपत झालं ते शके १६८२, विक्रमनाम संवत्सर. पण आपण त्या रणाला गावाचं नाव दिलं. चिन्यांनी वर्षाचं दिलं, जसं १९११ च्या क्रांतीलाही दिलं. ‘ज्यावू’ या दोन अक्षरांत यालू नदीच्या मुखाशी १७ सप्टेंबर १८९४ ला होरपळलेलं चीनचं बेयांग आरमार आहे, वेहायवे या त्याच्या तळाची शरणागती आहे, युद्ध संपवणाऱ्या शिमोनोसेकीच्या तहात जपानकडे गेलेलं तैवान आहे, वीस कोटी ताएल (चांदी मोजायचं चिनी वजन) चांदीची खंडणी आहे. आणि त्याच वर्षाला, शके १८१६ ला, आपल्या पंचांगात नाव आहे ‘जय’! हे जुळवून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो.

आणखी एक मत : ‘पहिले’ हा शब्दही मागाहून चिकटलेला. १९३७ ला दुसरं युद्ध झालं म्हणून हे पहिलं ठरलं. सोलापूरचे डॉ. कोटणीस रुग्णसेवेसाठी चीनला गेले ते त्या दुसऱ्या युद्धात. त्याला तर जपानी सरकार युद्धही म्हणत नव्हतं, ‘जिहेन’ म्हणायचं, म्हणजे नुसती ‘घटना’. चिनी लोक त्याला ‘जपानविरोधी प्रतिकारयुद्ध’ म्हणतात.

म्हणून सुचवतो : इतिहासलेखनात ‘छिंग-जपान युद्ध (१८९४-९५)’ लिहावं. अनुवादात बोलणारा चिनी असेल तर ‘ज्यावू’ तसंच ठेवावं, त्याच्या तोंडी ‘पहिले चीन-जपान युद्ध’ घालू नये.